बाबांची ‘आर्मी’ची बंदूक आणि अठरा हजारांचा भाव

प्रश्न: आम्ही कुडाळ तालुक्यातले. बाबा मागच्या श्रावणात गेले. त्यांची बारा बोअरची दोन नळ्यांची बंदूक घरात कपाटात आहे, आजोबांच्या वेळची. वर इंग्रजीत आर्मी अँड नेव्ही असं कोरलंय. मुंबईचा भाऊ म्हणतो लष्कराची विलायती बंदूक आहे, नेटवर चार-पाच लाखांना जाते. एका दुकानदाराला फोटो पाठवले तर तो अठरा हजार म्हणाला. भाचा म्हणतो आधी पॉलिश पेपर मारून, लाकडाला व्हार्निश लावून चकाचक करू, मग भाव वाढेल. दुकानदार फसवतोय का? आणि लष्कराची निघाली तर आम्हालाच त्रास नाही ना होणार? (एक वाचक भगिनी, सिंधुदुर्ग; मूळ पत्र मोठं आहे, इथे सारांश दिलाय)

उत्तर: ताई, सगळ्यात आधी भाच्याच्या हातातला तो पॉलिश पेपर काढून घ्या आणि कुठेतरी लपवून ठेवा. बाकीचं मग निवांत वाचा. का ते पुढे सांगतोच.

पहिलं मनावरचं ओझं उतरवू. बंदूक लष्कराची नाहीये. आर्मी अँड नेव्ही हे एका दुकानाचं नाव आहे हो. १८७१ साली लंडनमध्ये फौजेतल्या नि आरमारातल्या अधिकाऱ्यांनी मिळून काढलेलं सहकारी भांडार, तिथे चहाच्या किटलीपासून तंबूपर्यंत सगळं मिळायचं आणि बंदुकापण मिळायच्या. मुंबईत काळा घोड्याला अजून आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग उभी आहे, भाऊ कदाचित तिच्यावरूनच जात-येत असेल. हे लोक स्वतः बंदुका बनवायचे नाहीत, बर्मिंगहॅमच्या कारखान्यांकडून बनवून घ्यायचे आणि वर आपलं नाव घालायचे, वेब्ली अँड स्कॉटकडून तर बऱ्याच घेतल्या. कलकत्त्याच्या मँटन, रॉडा या दुकानांच्या नावानेही आपल्याकडे अशा पुष्कळ बंदुका फिरतायत (रॉडा म्हंजे तेच, १९१४ च्या ऑगस्टमध्ये ज्यांची ५० माउझर पिस्तुलं क्रांतिकारकांनी कलकत्त्यात दिवसाढवळ्या उडवली. असो, तो विषय नाही). तुमच्या बंदुकीवर नावापुढे सी.एस.एल. (को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड) अशी तीन अक्षरं असतील तर ती १९३४ च्या आधीची समजा, कारण त्या साली कंपनीने नाव बदलून स्टोअर्स लिमिटेड केलं. म्हंजे वस्तू विलायती खरी, जुनी खरी, चांगल्या दुकानातली खरी, पण लष्कराची नाही.

आता दुसरी गोष्ट, भावाच्या आधीची. बाबा गेले त्या दिवसापासून त्यांचं लायसन संपलं. लायसन माणसाचं असतं, बंदुकीचं नाही आणि घराचंही नाही, त्यामुळे आज ती कपाटात आहे ती बिनपरवान्याची आहे. घाबरू नका, गावोगाव हेच होतं, बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत कोणाला बंदूक आठवते. पण आता उशीर नको. शस्त्र कायदा १९५९ चा, त्यातलं कलम २१ सांगतं की असं हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसनधारक डीलरकडे जमा करायचं, आणि वारसाला ठरलेल्या मुदतीत ते आपल्या नावावर घ्यायचा किंवा विकायचा हक्क राहतो. मुदत गेली आणि काहीच केलं नाही तर कलेक्टर ते सरकारजमा करू शकतो, मग अठरा हजारही विसरा. तर मृत्यूचा दाखला, लायसनचं पुस्तक आणि एक साधा अर्ज घेऊन ठाण्यात जा, सोबत गावातलं कोणी जाणतं माणूस घ्या, आणि तिथे जाऊन विचारा की बंदूक डीलरकडे जमा करायची तर कशी न्यायची. फक्त गाडीच्या डिकीत टाकून स्वतः कोल्हापूर-पुण्याला घेऊन जाऊ नका, त्या प्रवासाचं उत्तर तुमच्याकडे नसेल.

मी डीलरकडेच जमा करा म्हणेन. कारण सरळ आहे, कोकणातला पावसाळा आणि पोलीस ठाण्याच्या मालखान्यातला कोपरा. मी बावीस वर्षं एका बंदुकीच्या दुकानात काढली, आधी मागच्या खोलीत मिस्त्रींच्या हाताखाली आणि नंतर पुढे काउंटरवर, आणि मालखान्यात चार-पाच पावसाळे काढून परत आलेल्या बंदुका मी हातात धरल्यात. बाहेरून तांबूस पावडर, आतून नळी किसणीसारखी. डीलर महिन्याचं काहीतरी भाडं लावेल, ते आधी विचारून घ्या, पण पावतीवर नंबर, मेक आणि आत्ताची अवस्था लिहून घ्या. “नळ्या आतून साफ, दस्ता अखंड” एवढं जरी लिहिलं तरी उद्या भांडण नको.

बरं, आता भाव.

तुमच्या भावाला वाटतंय की बंदुकीचा भाव बंदुकीत असतो. सोन्याचा असतो तसा. पण बघा, सोनं कोणीही विकत घेऊ शकतं. तुमची बंदूक कोण घेऊ शकतो? ज्याच्याकडे लायसन आहे, त्या लायसनवर एक जागा रिकामी आहे, आणि त्या जागेवर त्याला पिस्तूल नको, बारा बोअरच हवी आहे. अशी माणसं अख्ख्या जिल्ह्यात किती असतील? भाव इथे ठरतो. माल किती चांगला हे नंतर, आधी घेणारा कागदोपत्री घेऊ शकतो का हे.

आणि ही माणसं कमी कशी होत गेली तेही सांगतो. आजोबांनी बंदूक घेतली तेव्हा शिकार चालायची, तालुक्यातल्या प्रत्येक मोठ्या घरात भिंतीवर एक असायची. १९७२ ला वन्यजीव कायदा आला, शिकार संपली, निम्मं गिऱ्हाईक तिथेच गेलं. मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून साध्या माणसाला परदेशातून हत्यार आणणं बंद झालं. याने विलायती पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचे भाव वेड्यासारखे चढले आणि लोकांच्या डोक्यात बसलं की विलायती म्हंजे लाखो, पण दुनळीला तो वारा लागलाच नाही, कारण स्वसंरक्षणाला लायसन घेणाऱ्या माणसाला कमरेला लावायचं हत्यार हवं असतं, साडेतीन फुटाचं नाही. आणि मग २०१९ ची दुरुस्ती. एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची ती दोन केली, जास्तीचं वर्षभरात जमा करा किंवा विका. आता तुम्हीच सांगा, पिस्तूल, रायफल आणि दुनळी यातलं माणूस काय सोडेल? त्या वर्षी दुकानात दुनळ्या अशा यायला लागल्या, लग्नात स्टीलचे डबे येतात तशा. कोणाला नको सांगायचीही पंचाईत. माल भरपूर, गिऱ्हाईक थोडं, अठरा हजार आले कुठून ते कळलं असेल.

मग घेतं कोण? तुमच्या भावाच्या डोळ्यासमोर कोणी राजेसाहेब असणार जे नक्षी बघून चेक फाडतील. खरं गिऱ्हाईक सांगतो, एक म्हंजे बँकेबाहेर आणि कॅश व्हॅनवर उभा असतो तो गार्ड, त्याला नोकरीसाठी स्वतःची बारा बोअर लागते, आणि दुसरा शेतकरी, ज्याच्या काजूत नाहीतर भुईमुगात माकडं आणि डुकरं शिरतात आणि ज्याच्याकडे पीक संरक्षणाचं लायसन आहे. दोघांनाही एकच पाहिजे, चालली पाहिजे, फुटता कामा नये, आणि कागद साफ पाहिजेत. नक्षीचे पैसे ते देत नाहीत. तिसरा एक असतो, जुन्या बंदुकांचा शौकीन, तो देतो, पण तो वर्षातून एकदा दुकानात येतो आणि त्याच्या लायसनवरच्या दोन्ही जागा बहुतेक आधीच भरलेल्या असतात. चौथा ट्रॅप-स्कीटचा, म्हंजे उडत्या तबकड्यांवर नेम धरणारा खेळाडू, राज्यवर्धन राठोडांनी २००४ ला अथेन्सला डबल ट्रॅपचं रौप्य आणलं तेव्हापासून नवीन पोरं आली खरी, पण त्यांना नळ्या एकावर एक असलेली इटालियन लागते, बेरेटा, पेराझी वगैरे. तशी असती तर मी तुमच्या भावाच्या बाजूने बोललो असतो. तुमची शेजारी-शेजारी नळ्यांची, ती त्यांच्या कामाची नाही.

कागदाचं म्हणालो ते नीट सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात आणि कोणी बघत नाही. लायसनच्या पुस्तकात बंदुकीचा नंबर लिहिलेला असतो. तो बंदुकीवरच्या नंबराशी जुळतो का हे आजच बघा. मी एक केस पाहिलीये, ग्रीनर या इंग्लिश कंपनीची छान दुनळी, नळ्या आरशासारख्या, गिऱ्हाईक पैसे खिशात घेऊन उभा, आणि पुस्तकातला नंबर बंदुकीवर कुठेच सापडेना. दोन तास डोकं खाजवल्यावर मिस्त्रींनी पुढचं लाकूड काढलं आणि हसायला लागले. लोखंडावर पेटंट नंबर छापलेला होता आणि पन्नास वर्षांपूर्वी कुठल्यातरी कारकुनाने तोच बंदुकीचा नंबर म्हणून पुस्तकात उतरवला होता, आणि पुढे प्रत्येक रिन्यूअलला तोच चढत गेला. ती दुरुस्ती करून घ्यायला कलेक्टर कचेरीत इतके महिने गेले की गिऱ्हाईकाने मधल्या काळात दुसरी घेतली, आणि शेवटी ती ग्रीनर कितीतरी कमी भावात गेली. बंदूक तीच, नळ्या त्याच. म्हणून म्हणतो नंबर बघा, पुस्तकात सगळी रिन्यूअल लागलीयेत का बघा, युआयएन, म्हंजे कॉम्प्युटरवर लायसनला मिळणारा ओळख नंबर, पडलाय का बघा. पुस्तकात डीबीबीएल असं लिहिलेलं असेल, ते दोन नळ्यांच्या काडतुसाच्या बंदुकीचं लघुरूप, त्यात काही वेगळं नाही.

आता बंदूक. हे सगळं दुकानात, डीलरच्या हाताने, तुमच्या डोळ्यांसमोर व्हायला पाहिजे, घरी उघडून बसू नका. बंदूक रिकामी आहे हे त्याने आधी दाखवायचं, मग तो पुढचं लाकूड काढेल, नळ्या वेगळ्या करेल. त्याला सांगा नळ्या उलट्या करा. बुडाशी खालच्या बाजूला चपटा भाग असतो, त्यावर बारीक बारीक ठप्पे दिसतील, देवाच्या टाकावर असतात तसे. हे तुमच्या बंदुकीचं प्रगतिपुस्तक. इंग्लंडमध्ये विकायच्या आधी प्रत्येक नळीत जास्तीची दारू भरून सरकारमान्य ठिकाणी परीक्षा घ्यायचे, बर्मिंगहॅमला हे १८१३ पासून चालू आहे, आणि पास झाली की ठप्पा. तुम्हाला शोधायचंय ते मुगुट आणि त्याखाली एनपी ही अक्षरं. म्हंजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठी नळी पास आहे. ते नसेल, नुसती काळ्या दारूची परीक्षा असेल, तर आजचं काडतूस त्यात घालणं धोक्याचं आणि गार्ड किंवा शेतकरी ती घेणार नाही. शेजारी शंकरपाळ्याच्या आकारात १२ आणि सी असेल, ते काडतुसाच्या खोबणीचं माप. तिथे अडीच इंच लिहिलं असेल तर ते डीलरला मोठ्याने वाचायला लावा, कारण आजची पुष्कळ काडतुसं पावणेतीन इंचाची असतात, खोबणीत बसतात पण उडताना पुढे उलगडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. आपल्या खडकीच्या कारखान्याची शक्तिमान असोत नाहीतर दुसरी कुठली, लांबी बघूनच घ्यायची. आणि भाच्याचा पॉलिश पेपर इथे येतो ताई. हे ठप्पे केसाएवढे खोल असतात. दोन हात घासले की गेले. नंबरही तसाच, आणि नंबर खोडणं हा वर आणखी वेगळा गुन्हा, मुद्दाम नव्हतं केलं हे कोणाला पटवत बसणार?

मग नळी खिडकीकडे धरायला सांगा, बल्बकडे नाही, दिवसाच्या उजेडाकडे, आणि एका टोकाने आत बघा. चांगली नळी असेल तर आत प्रकाशाच्या गोल गोल कड्या दिसतात, एकात एक, अगदी सरळ. कुठे कडी वाकडी दिसली तर बाहेरून पोचा आहे, कुठे जाड सावलीचं वळं दिसलं तर आतून फुगलीये, फुगली म्हंजे संपली. काळे ठिपके दिसले तर ती गंजाची खड्डी. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यातून मीठ मागे राहायचं, ते दमट हवेत पाणी ओढायचं, शिकारीवरून आल्यावर त्याच रात्री नळी धुतली नाही की सकाळी खड्डी सुरू. आजोबा शिस्तीचे होते की नाही ते आता नळी सांगेल. थोडे ठिपके चालतात, भाव थोडा उतरतो. पण कोणी आतून घासून ते काढले असतील तर नळी चकचकीत दिसते आणि भिंत पातळ झालेली असते. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली की जाणकार माणूस हात लावत नाही, मापायचं हत्यार असतं, डीलरकडे असेल.

नळ्या बुडाशी बोटावर लोंबकळत्या धरून नखाने टिचकी मारायला सांगा. घंटेसारखी खणखणली तर दोन नळ्यांमधली पट्टी पक्की आहे. फुटक्या मडक्यासारखी बद्द वाजली तर कुठेतरी झाळ सुटलीये. मला हा आवाज फार आवडतो, आमचे मिस्त्री म्हणायचे नळी खोटं बोलत नाही, मालक बोलतो.

मग पुन्हा जोडताना एक बघा. पुढचं लाकूड न लावता नळ्या नुसत्या बंद करून हलकं हलवलं तर काही खुळखुळतं का? पुढच्या लाकडातली स्प्रिंग सगळं घट्ट धरून ठेवते, त्यामुळे लाकूड लावून हलवून दाखवलं तर ढिली बंदूकही शहाणी दिसते. बंदूक उघडायची वरची कळ बंद केल्यावर मधल्या रेघेच्या थोडी उजवीकडे थांबली तर अजून आयुष्य आहे, मध्ये किंवा डावीकडे गेली तर पुष्कळ बार काढलेत. ढिली बंदूक घट्ट होते, मिस्त्रीचं काम आहे, पण तो खर्च घेणारा तुमच्या भावातून कापणार.

दस्ता बघा, मानेजवळ, जिथे लाकूड लोखंडाला भिडतं. तिथे केसासारखी चीर असते. आणि तिथलं लाकूड काळं, ओलसर वाटलं तर वर्षानुवर्षं बंदूक नळी वर करून ठेवली आणि तेल खाली झिरपून लाकूड मऊ झालं. अक्रोडाचं लाकूड असतं, त्याला व्हार्निश लावलं की ते हॉटेलच्या टेबलासारखं दिसायला लागतं आणि शौकीन माणूस लांबूनच वळतो. बाबांनी मागे रबरी पॅड लावलाय का, पट्ट्यासाठी कड्या बसवल्यात का? आपल्याकडे सगळे बसवतात. गार्डला ते बरंच वाटतं, शौकिनाला नाही. नळी कोणी पुढून कापलेली नाही ना एवढं मात्र नक्की बघा, परवानगीशिवाय नळी आखूड करणं गुन्हा आहे आणि तशी बंदूक डीलर विकायलाच घेणार नाही.

बाकी घोडा बाहेर दिसतो की आत आहे, काडतूस आपोआप बाहेर फेकते की नुसतं वर उचलून देते, बार काढणारी यंत्रणा साध्या पेटीत बसवलेली (बॉक्सलॉक) की बाजूच्या पत्र्यावर (साइडलॉक), यांनी फरक पडतो. पेटीची बनावट १८७५ ची, मजबूत, सगळीकडे चालणारी आणि म्हणून ढिगाने. तुमची पत्रातल्या वर्णनावरून तीच असावी, बाजूला पानाच्या आकाराचा मोठा सपाट पत्रा नाही असं तुम्हीच लिहिलंय. बाजूच्या पत्र्याची, हाताने केलेली, त्यातही जोडीतली असेल तर तो खेळच वेगळा. भावाने नेटवर जे पाहिलं ते लंडनच्या लिलावातलं तसंच काहीतरी असणार, पर्डी नाहीतर हॉलंड या लंडनच्या बड्या कारागिरांचं. त्याला सांगा तिथल्याच पुढच्या पानांवर पेटीच्या साध्या दुनळ्या बघ, इंग्लंडातसुद्धा त्या काहीशे पौंडांत जातात, तिथे तर लायसन मिळणं आपल्यापेक्षा सोपं. आणि इथून तिकडे पाठवायचं म्हणत असेल तर शंभर वर्षांवरच्या कलाकुसरीच्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, वर निर्यातीचे आणि शस्त्रांचे कागद, तो नाद सोडा.

एक माझं सांगतो, म्हंजे तुम्हाला एकटीलाच मूर्ख बनल्यासारखं वाटायला नको. दुकानात काम करून मी स्वतः एक दमास्कस नळीची घेतली होती, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली नळी, वर लाटांसारखी नक्षी उमटते, बघत राहावं अशी. संध्याकाळची वेळ, ट्यूबलाइटचा उजेड, आणि मी नळीच्या बाहेरून प्रेमात पडलो, आतून खिडकीकडे धरून बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी धरली. डाव्या नळीत पुढून नऊ-दहा इंचांवर फुगवटा, कधीतरी चिखल नाहीतर चिंधी अडकलेली असताना कोणीतरी बार काढलेला. ते काही बोलले नाहीत, नुसती माझ्या हातात दिली आणि चहा सांगितला. ती बंदूक मी पुढे सात वर्षं सांभाळली आणि अर्ध्याला विकली, फुगवटा सांगून.

आता तुमच्या दुकानदाराकडे येऊ. फसवतोय का? फोटोवरून कोणीही शहाणा माणूस वाईटात वाईट धरूनच भाव सांगतो, कारण नळीच्या आतला फोटो तुम्ही पाठवला नसणार. शिवाय तो आज तुम्हाला रोख देईल, रजिस्टरला चढवेल, आणि मग ती बंदूक त्याच्या तिजोरीत गार्डची नाहीतर शेतकऱ्याची वाट बघत बसेल, सहा महिने, वर्ष, दोन वर्षं. त्यात निवडणूक आली की पुष्कळांची हत्यारं जमा, लायसनच्या टेबलावरची माणसं निवडणुकीच्या कामाला, दोन-तीन महिने कोणी फिरकत नाही. म्हणून तो ज्या भावाने शेवटी विकेल त्याच्या निम्म्याच्या आसपास तुम्हाला सांगतो, हे मी काउंटरच्या त्या बाजूला बसून स्वतः केलंय, त्यात लबाडी नाही, पण तुमची घाई त्याला दिसली की तो आणखी दाबतो हेही तितकंच खरं. “आई आजारी आहे, लवकर निकाल लावायचाय” असं तुम्ही त्याला फोनवर सांगितलंत म्हणे, ते नव्हतं सांगायचं. त्यापेक्षा बंदूक त्याच्याकडे जमा ठेवा आणि म्हणा विकली गेली की तुझं कमिशन काप, तोवर मी थांबते. बहुतेक डीलर ऐकतात. आणि नळ्या प्रत्यक्ष दाखवून दुसऱ्या एका डीलरकडून भाव घ्या, तो तुमच्या जिल्ह्याबाहेरचा असला तर उत्तम.

थांबायचं म्हणालो, पण थांबायला बंदूक कोणाच्या तरी नावावर पाहिजे. यजमानांची काजूची बाग आहे असं लिहिलंय आणि माकडांचं रडगाणंही लिहिलंय. मग वारसाहक्काने लायसनला अर्ज का करत नाही? २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला मिळायची सोय आहे, वारसांत मुलगी आहे, जावई आहे, सून आहे. वय २१ पूर्ण पाहिजे, पोलीस चौकशी होते, बाकीच्या वारसांची ना हरकत लागते, आणि तिथे तुमच्या भावाची सही लागेल हे आधीच लक्षात घ्या, चार-पाच लाख डोक्यात असलेला माणूस सही लवकर करत नाही. (इतर वाचकांसाठी, ज्यांचे वडील हयात आहेत: वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं बाळगलं, यातलं जे आधी होईल तेव्हा, ते जिवंतपणीच वारसाच्या नावावर करायला अर्ज देता येतो. बारावं घालून मग धावपळ करण्यापेक्षा ते बरं.) लायसन मिळालं की बंदूक ठेवायची का विकायची हे तुम्ही सावकाश ठरवा, विकायची तर लायसनवाल्या माणसाला थेटही विकता येते, कलेक्टर किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. मधला डीलर गेला की त्याचा हिस्सा तुमच्याकडे. शेजारच्या गावात ज्याला पीक संरक्षणाचं लायसन मंजूर झालंय आणि अजून हत्यार घेतलेलं नाही असा एक माणूस शोधा, तुमच्या बंदुकीला लंडनच्या लिलावापेक्षा तो जास्त देईल.

माझा अंदाज विचाराल तर, एनपीचा ठप्पा असेल, नळ्या साफ निघाल्या, घट्ट असेल आणि पुस्तकातला नंबर जुळला तर अठरा हजार कमी आहेत, दुपटीपर्यंत भांडा. नळीत फुगवटा किंवा ठप्पा नाही असं निघालं तर अठरा हजार घेऊन चहा पाजून या.

आणि हो, पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की बंदूक आजोबांच्या चामड्याच्या पेटीत आहे. आधी बंदूक बाहेर काढून साध्या कोरड्या सुती कापडात ठेवायला सांगा, जुनं चामडं ओल धरतं आणि त्यातल्या आम्लाने नळीला गंज चढतो. पण पेटी टाकू नका. झाकणाच्या आत दुकानाचं छापील लेबल असेल, नळी साफ करायच्या काठ्या, तेलाची बाटली, कदाचित खरेदीची पावतीसुद्धा. त्या बंदुकीच्या मापाची मूळ पेटी असेल तर शौकीन माणूस तिचेच वेगळे पैसे देतो, म्हणून दोन्ही एकत्रच विका. पेटीला लायसन लागत नाही, त्यामुळे भाऊ पुढच्या वेळी आला की आधी तीच उचलेल.